खरोखर उठला आहे, आता चहा ठेवा

“जीबीएस,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पूर्ण नाव गियाँ-बारे सिंड्रोम. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण पुढचं नीट ऐका.”

मी नीट ऐकत होते. माझे यजमान प्रभुदास व्हीलचेअरवर बसून ऐकत होते. आदल्याच दिवशी पायातली चप्पल सारखी निसटते म्हणून त्यांनी सगळा दोष चपलेला दिला होता. त्याआधी तळपायांना मुंग्या आल्या, तेव्हा दोष माझ्या नव्या सतरंजीचा होता. दोनेक आठवड्यांमागे जुलाब झाले होते, त्याचा तर कुणी विचारही केला नव्हता. मग एका सकाळी त्यांना पलंगावरून उठताच येईना. आमची मुलगी ग्रेस हिंजवडीच्या ऑफिसला निघाली होती, ती बस सोडून धावत परत आली आणि आम्ही विश्रांतवाडीहून थेट रुग्णालय गाठलं.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. जंतुसंसर्ग झाला की शरीराचे शिपाई त्याच्याशी लढतात. कधी कधी शिपायांची गफलत होते आणि जंतू गेल्यावर ते आपल्याच नसांवर तुटून पडतात. नसांवरचं आवरण जातं आणि मेंदूने दिलेला हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही.

“वायरवरचं प्लास्टिक गेलं असं समजा,” त्या म्हणाल्या. “आतली तार शाबूत असेल तर प्लास्टिक परत येतं. पण सावकाश.”

“किती दिवसांत?” मी विचारलं.

“अहो, मी डॉक्टर आहे, ज्योतिषी नाही.” मग माझा चेहरा बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “हे पायांकडून वर चढतं. छातीपर्यंत गेलं तर श्वासाला मशीन लावावं लागेल. मशीनला घाबरू नका. घाबरायचं तर उशिराला घाबरा, आणि उशीर तुम्ही केलेला नाही.”

हे मी मुद्दाम आधी लिहिते आहे. तुमच्या घरात कुणाच्या पायांना मुंग्या आल्या आणि अशक्तपणा वर चढायला लागला, तर तेल चोळत बसू नका. रिक्षा बोलवा.

आता थोडं आमच्याविषयी. आम्ही मराठी ख्रिस्ती. प्रभुदास खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मी प्राथमिक शाळेतून. मी चर्चच्या संडे स्कूलमध्ये लहान मुलांना बायबलच्या गोष्टी सांगते आणि हे क्वायरमध्ये खालच्या पट्टीत गातात. यांना सगळे प्रभू म्हणतात, आणि त्यावरून आमच्या घरात एक जुनी थट्टा आहे.

ईस्टर म्हणजे येशू मरणातून उठला त्या दिवसाचा सण. त्या पहाटे आमच्यात एकमेकांना सलाम करायची ठरलेली रीत आहे. एकाने म्हणायचं, “प्रभू उठला आहे!” दुसऱ्याने उत्तर द्यायचं, “खरोखर उठला आहे!” आमचे प्रभू वर्षभर सकाळी हलवल्याशिवाय उठत नाहीत. वर्षातून एकच दिवस ते माझ्याआधी उठतात, तो ईस्टरचा. अंधारातच खोलीच्या दारात उभे राहून त्या भारदस्त आवाजात जाहीर करतात, “प्रभू उठला आहे!” आणि मी डोळेही न उघडता म्हणते, “खरोखर उठला आहे, आता चहा ठेवा.” लग्न झालं त्या वर्षीपासून हे चाललं आहे. ग्रेसला लहानपणी वाटायचं की चहाही त्या उत्तरातच आहे. एकदा चर्चमध्ये तिने ते पूर्ण म्हणून दाखवलं होतं.

आजार सुरू झाला तेव्हा लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचे दिवस होते.

तपासण्या झाल्या. लंबर पंक्चर म्हणजे कण्यातलं पाणी सुईने काढून बघतात. नर्व्ह कंडक्शन म्हणजे नसांना बारीक झटके देऊन निरोप पोचतो का ते मोजतात. निदान पक्कं झालं आणि इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं. हे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं औषध असतं, शिरेतून थेंब थेंब देतात. कुणा अनोळखी माणसांनी दिलेलं ते रक्त. बाटलीकडे बघत मी त्या सगळ्यांची मनात विचारपूस केली.

पण आजार वर चढतच राहिला. आधी हात गेले. मग आवाज बारीक झाला. ज्या आवाजाने आमच्या चर्चच्या खिडक्या थरथरायच्या त्याला ‘पाणी’ म्हणतानाही दम लागू लागला. डॉक्टरबाईंनी ठरवलं की घशातून नळी घालून व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं मशीन, लावायचं. मला दोन मिनिटं दिली.

मी जवळ गेले. ते म्हणाले, “शीला, यंदा ईस्टरला तू उठव मला.”

“उठवीन की,” मी म्हटलं. मग पडद्याबाहेर येऊन भिंतीला टेकले. मला हा माणूस परत उठलेला हवा होता. एवढंच हवं होतं. दुसरं काहीही सुचत नव्हतं.

आयसीयूबाहेरच्या हॉलमध्ये माझं बिऱ्हाड झालं. खुर्च्या लोखंडी, पंखा कुरकुरणारा, आणि शेजारी लातूरकडच्या एक ताई. त्यांचे यजमान मेंदूत रक्तस्राव होऊन आत होते. त्या रोज सकाळी हात जोडून दाराकडे बघायच्या, मी डोळे मिटून बसायची. एकमेकींच्या डब्यातलं खायचो. कोण कुणाला प्रार्थना करतं हे आम्ही कधी विचारलं नाही.

आमच्या मंडळीतली माणसं भेटायला येत. मंडळी म्हणजे चर्चची सभासद माणसं. त्यांनी डबे आणले, माझ्या खुर्चीवर उशी आणून ठेवली, ग्रेसला घरी सोडलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांच्यात एक बाई होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, “लाजारासारखे उठतील बघ. फक्त विश्वास कमी पडू देऊ नकोस.”

“लाजार चार दिवस कबरेत होता,” मी म्हटलं. “आमचे आत श्वास घेताहेत. तुम्ही त्यांना आत्ताच कबरेत घालू नका.”

“आई!” ग्रेसने मला कोपऱ्यात नेलं. “प्लीज हां. त्या काकूंनी खिचडी आणलीय.”

खिचडी चांगली होती. पण ‘विश्वास कमी पडू देऊ नकोस’ हे वाक्य दिवसभर घशात अडकून राहिलं. म्हणजे हे उठले नाहीत तर कमी कुणाचं पडलं? माझंच ना?

त्या रागातच मी पर्समधलं बायबल काढलं. या गोष्टी मी इतकी वर्षं मुलांना चित्रं चिकटवून शिकवत आले होते. मेलेली मुलगी उठते, लाजार उठतो, शेवटी येशू स्वतः उठतो. मुलांना सांगताना मी शेवटाकडे धावायची, कारण मुलांना शेवट हवा असतो. त्या लोखंडी खुर्चीवर शेवट कुठेच दिसत नव्हता, म्हणून मी पहिल्यांदा मधला भाग वाचला. आणि खरं सांगते, मला त्या लिहिणाऱ्यांचं फार कौतुक वाटलं. त्यांनी वाट बघणारी माणसं काय सुरेख ओळखली आहेत!

याईर नावाच्या बापाची मुलगी मरायला टेकली आहे. तो येशूला घेऊन घाईघाईने घरी निघतो. वाटेत दुसरी एक आजारी बाई गर्दीतून येते आणि येशू चक्क थांबतो. तिची चौकशी करतो. या बापाचा जीव तिथे उभ्या उभ्या किती तुटला असेल! लिहिणाऱ्याने त्याचा एक शब्दही दिलेला नाही. आमच्या डॉक्टरबाई आत येता येता दुसऱ्या कुणाच्या खाटेपाशी थांबल्या की मी याईर होत असे.

मग निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास देऊ नका. येशू तरी जातो. घरात रडारड चाललेली. तो सगळ्यांना बाहेर काढतो आणि आईबाप आणि तिघे सोबती यांनाच आत घेतो. हे वाचून मला त्या परिस्थितीतही हसू आलं. आयसीयूचा नियम इतका जुना आहे तर.

लाजाराच्या गोष्टीत त्याची बहीण मार्था आहे. येशू उशिरा पोचतो तर ती वाटेतच गाठून सुनावते, तुम्ही वेळेवर आला असता तर माझा भाऊ मेला नसता. कबरेचं तोंड उघडायला सांगितल्यावर म्हणते, आता घाण येईल हो. हिचा विश्वास कमी होता असं येशू म्हणत नाही. तिच्याशी बोलतो. आणि काय होणार हे ठाऊक असूनही तिथे उभा राहून रडतो. मला ते फार मोठं वाटलं. मंडळीतल्या त्या बाईंनी मला रडू दिलं नव्हतं.

आणि ईस्टरच्या पहाटे कबरेकडे गेलेल्या बाया. त्या काही तो उठला असेल म्हणून गेल्या नव्हत्या. प्रेताला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या होत्या. वाटेत त्यांची चर्चा चालली होती, ती भली मोठी धोंड आपल्यासाठी कोण लोटेल? उत्तर कुणाकडेच नव्हतं. तरी निघाल्या होत्या. मीही रोज सकाळी नॅपकिन आणि खोबरेल तेल घेऊन आयसीयूच्या दाराशी जायची. आत सोडलं की ह्यांचे पाय पुसायची, टाचांना तेल लावायची. बरे होतील असं वाटायचंच असं नाही. पण पाय पुसायचे असतात. यालाही विश्वास म्हणत असतील तर माझ्यापाशी तेवढा होता.

नळी तोंडातून फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून त्यांची ट्रेकिऑस्टॉमी केली. म्हणजे गळ्याला पुढून भोक पाडून तिथून श्वासाची नळी घालतात. मला वाटलं आता आवाज गेलाच. “भोक बुजतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “वण राहील. वणाचं काय एवढं.”

ईस्टरआधीच्या आठवड्यात न्यूमोनिया झाला. मशीनवरच्या माणसाला तो होतो, तुम्हालाही कदाचित ऐकावं लागेल, म्हणून सांगते. रक्तदाब कोसळला. त्यांना औषधाने गाढ झोपवून ठेवलं. तोवर निदान डोळे तरी माझ्याशी बोलत होते, आता तेही मिटले. गुड फ्रायडेला मी चर्चला गेले नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, “ताप उतरतोय. झोपेचं औषध उद्यापासून कमी करू. मग बघू, उठतात का.”

“उठतील ना?”

या वेळी त्या ज्योतिषी नसल्याचं म्हणाल्या नाहीत. नुसत्या “बघू” म्हणाल्या.

शनिवारी दुपारी लातूरच्या ताईंचे यजमान गेले. आतून बोलावलं तेव्हा त्यांच्या हातात माझा डबा होता. तो त्यांनी नीट झाकण लावून माझ्या खुर्चीवर ठेवला आणि मग आत गेल्या. रुग्णालयातून निघताना मला म्हणाल्या, “तुमचे उठू द्या, ताई.” मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्या बाईने रोज हात जोडून काय कमी मागितलं होतं? कुणी मला पुन्हा म्हणालं असतं की विश्वास असला की माणूस उठतो, तर मी त्याला या ताईंसमोर उभं केलं असतं.

रविवारी सकाळी मी खुर्चीवर पदर तोंडावर घेऊन पेंगत होते. उजाडत होतं. ग्रेस पाणी आणायला गेली होती. आत यवतमाळकडच्या वैशाली नावाच्या सिस्टर होत्या. त्यांच्या तिकडे सगळ्यांना ‘जी’ लावतात, त्यामुळे त्या ह्यांना प्रभूजी म्हणायच्या. त्यांची रात्रपाळी संपत आली होती. दार उघडल्याचा आवाज झाला, कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला आणि कानाशी म्हणालं, “काकू, प्रभूजी उठले न!”

आणि मी डोळे न उघडता, पदराआडून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, “खरोखर उठला आहे!”

हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. मला अर्धवट झोपेत वाटलं, ही पोरगी आपल्यातलीच निघाली की काय. वैशाली सिस्टर गोंधळून म्हणाल्या, “हाव काकू, खरोखर. मी काऊन खोटं बोलू?”

तेव्हा मला काय झालं ते समजलं. मी उठले आणि चप्पल न घालताच आत गेले.

त्यांचे डोळे उघडे होते. चेहरा हलत नव्हता, हात हलत नव्हते, गळ्यातल्या नळीतून मशीन श्वास देत होतं. पण डोळे माझ्याबरोबर दारापासून खाटेपर्यंत आले. सिस्टरनी सांगितलं, हो म्हणायचं तर एकदा डोळे मिटायचे. “काकूंना ओळखलं न, प्रभूजी?” त्यांनी एकदा मिटले.

मी म्हटलं, “अहो, आज ईस्टर आहे.” त्यांनी एकदा मिटले.

आमच्या घरात पहिलं वाक्य नेहमी त्यांचं आणि उत्तर माझं. त्या दिवशी मी पहिलं वाक्य म्हटलं. “प्रभू उठला आहे.” ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग डोळे मिटले. एकदाच. पापणीच्या कडेने पाणी कानाकडे गेलं. माझ्याकडे नॅपकिन होताच.

आता तुम्हाला वाटेल, झाला चमत्कार. नाही. औषध शनिवारी कमी केलं म्हणून ते रविवारी उठले, हे मला ठाऊक आहे. सोमवारी परत ताप आला हेही ठाऊक आहे. आणि लातूरच्या ताई त्या सकाळी कुठे असतील हा विचार माझ्या आनंदातून गेला नाही. लाजारही पुढे कधीतरी परत मेलाच असणार. याईराची मुलगीही. येशूचं उठणं तेवढं निराळं, ते कायमचं. बाकीच्यांना मिळाली ती काही वर्षं. ती किती मौल्यवान असतात हे मला त्या सकाळी कळलं.

पुढचे महिने मात्र मला त्या गोष्टींतलं सगळ्यात सुंदर काय आहे ते शिकवून गेले.

याईराची मुलगी उठते, सगळे थक्क होतात, आणि येशू काय सांगतो? हिला काहीतरी खायला द्या. एवढंच. संडे स्कूलमध्ये एक मूल हमखास विचारतं, “बाई, मग तिने काय खाल्लं?” मी आपलं भाकरी म्हणून सोडून द्यायची. आता मला तो प्रश्नच सगळ्यात शहाणा वाटतो. उठवणाऱ्याला ठाऊक होतं की घरातली माणसं बघतच राहतील आणि पोरगी उपाशी राहील.

आमच्या घरच्या माणसाला खायला द्यायला फार दिवस लागले. नाकातून पोटात गेलेल्या रायल्स ट्यूबमधून त्यांना पातळ अन्न जायचं. मशीन हळूहळू सुटलं. आधी दिवसा थोडा वेळ, मग दिवसभर, मग पूर्ण. याला वीनिंग म्हणतात, लहान मुलाचं दूध सोडवतात तोच शब्द. मग गिळण्याची परीक्षा झाली. अन्न श्वासनळीत जात नाही ना हे बघतात. मी म्हटलं, आधी चहा द्या, त्यासाठी यांचा जीव चाललाय. तेव्हा कळलं की पातळ पदार्थच जास्त धोक्याचा, तो चटकन चुकीच्या वाटेला जातो. घट्टसर अन्न आधी, चहा सगळ्यात शेवटी. हे ऐकून ह्यांनी डोळे दोनदा मिटले. दोनदा म्हणजे नाही. आयसीयूतून बाहेर आल्यावर नोंदवलेला त्यांचा हा पहिला निषेध.

मी घरून मीठ घालून गुरगुट्या भात केला. एक चमचा. हनुवटी खाली, तोंड मिटा, गिळा, थांबा. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. खोकला आला नाही. मी, ग्रेस आणि दाराशी उभ्या वैशाली सिस्टर, तिघी एकदम हसलो. सिस्टर त्या दिवशी वॉर्डात कामाला नव्हत्या, नुसत्या बघायला आल्या होत्या.

दुसरी गोष्ट लाजाराची. तो कबरेतून बाहेर येतो तेव्हा हातपाय आणि तोंड कापडात गुंडाळलेलं असतं. येशू ते स्वतः सोडत नाही. जवळच्या माणसांना सांगतो, ह्याला मोकळं करा आणि जाऊ द्या. उठवण्याचं काम त्याचं, पट्ट्या सोडायचं काम माणसांचं. आमच्याकडे त्या पट्ट्या सोडल्या मुलाणीबाईंनी.

मुलाणीबाई फिजिओथेरपिस्ट. घराणं कित्येक पिढ्या पुण्यातलं, आणि बोलणं त्याचा पुरावा. जीबीएस उतरतो तो चढला त्याच्या उलट, वरून खाली. आधी मान, खांदे, मग हात, शेवटी पाय. बाई रोज येऊन एकेक सांधा जागा करायच्या. पलंगाच्या कडेला बसवणं, उभं करणं, एक पाऊल. ह्यांचा तोल गेला की मी धावून काखेत हात घालायची.

“काकू,” बाई एकदा म्हणाल्या, “तुम्ही यांच्या पत्नी आहात की क्रेन?”

“पडले म्हणजे?”

“पडायला मी देणार नाही. पण तुम्ही धरलंत तर पाय कशाला काम करतील? त्यांना कळलंय, बायको आहे. आपण हात मागे बांधून उभ्या राहा.”

मी हात मागे बांधून उभी राहिले. त्यासारखं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. तेव्हा मला लाजाराच्या वाक्याचा दुसरा भाग ऐकू आला. मोकळं करा, हे मला जमत होतं. दिवसरात्र जमत होतं. आणि जाऊ द्या, हे जमत नव्हतं.

गळ्याचं भोक बुजलं. वण राहिला. ते शर्टाचं वरचं बटण लावून तो झाकायचे. एका रविवारी आमचे पाळकसाहेब घरी आले. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. आमचे पाळक फार कमी बोलतात. जाताना ह्यांच्या कॉलरकडे बघून एवढंच म्हणाले, “प्रभुदास, येशू उठला तेव्हा त्याचेही वण तसेच होते. त्यावरूनच ओळखला ना त्याला.” दुसऱ्या दिवशीपासून बटण उघडं.

घरी येऊन बरेच महिने झाले आहेत. ते काठी घेऊन चालतात. बोटं अजून कच्ची आहेत, चिमटीत धरायच्या वस्तू निसटतात. आवाज परत आला, पण खालची पट्टी अजून पूर्ण सापडलेली नाही. चहा मी करते, कप मी हातात देते. कप अर्धाच भरते, सांडू नये म्हणून. मुलाणीबाईंना हे सांगितलेलं नाही.

ज्यांच्या घरात आज कुणी मशीनवर आहे त्यांना मी काय सांगू? तुमचा माणूस उठेल असं मी सांगू शकत नाही. लातूरच्या ताईंना ते सांगितलं असतं तर खोटं ठरलं असतं. पण नॅपकिन आणि तेल घेऊन रोज दाराशी जा. धोंड कोण लोटेल ते ठाऊक नसलं तरी जा. लोटणारी माणसं असतात. ज्योतिषी नसलेल्या डॉक्टरबाई, रात्रपाळी संपता संपताही धावत बाहेर येणाऱ्या सिस्टर, रक्त देऊन निघून गेलेली अनोळखी माणसं. देव वरून काम करतो की यांच्या हातांनी, हा वाद मी आता घालत नाही. मला ते हात दिसले आहेत आणि मी त्यांची ऋणी आहे.

यंदाचा ईस्टर नुकताच झाला. त्या पहाटे मला आधीच जाग आली होती, पण मी डोळे मिटून पडून होते. शेजारी पलंग हलला. एकदा प्रयत्न झाला, परत झाला. मग काठीचा आवाज दारापर्यंत गेला आणि थांबला.

“प्रभू उठला आहे,” घोगऱ्या आवाजात दारातून आलं.

“खरोखर उठला आहे,” मी म्हटलं. पुढचं वाक्य तोंडात होतं, पण बाहेर येईना. उकळता चहा, ती कच्ची बोटं, पातेलं. मी गादीची कड घट्ट धरली.

“आता चहा ठेवा,” मी म्हटलं.

काठी स्वयंपाकघराकडे गेली. भांडं ओट्यावर आपटलं. मग लायटरचा आवाज. खट. परत खट. बराच वेळ काही नाही. माझे पाय खाली उतरले होते, ते मी परत वर घेतले. खट. खट. आणि मग भपकन गॅस पेटला.

“शीला!” स्वयंपाकघरातून हाक आली. “साखर कुठे ठेवलीस?”

“जिथे असते तिथेच आहे,” मी म्हटलं, आणि डोळे मिटून पडून राहिले.